महागडा होम थिएटर रिसीव्हर निवडताना या चुका टाळा

लाख-दोन लाखांचा होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज वाढवून खोलीतल्या सगळ्या स्पीकरना वाटून देणारे यंत्र, घ्यायचे ठरले की बहुतेक जण दोन-तीन मॉडेलांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून वॉट आणि चॅनेल (म्हणजे किती स्पीकर चालवता येतात) मोजू लागतात. या किमतीच्या यंत्रांमध्ये आवाजाचा आपसांतील फरक फार थोडा असतो. खोली, स्पीकर आणि वीजपुरवठा यांमुळे पडणारा फरक मात्र पहिल्याच संध्याकाळी कानाला कळतो. म्हणून मराठवाड्यातील ग्राहकाने निवडीची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

वॉटच्या आकड्यावर निर्णय घेणे

डेनॉन एव्हीआर-एक्स४८००एच या मॉडेलवर प्रति चॅनेल १२५ वॉट लिहिलेले असते आणि मरँट्झ सिनेमा ५० वर ११० वॉट. पंधरा वॉटचा हा फरक कागदावर मोठा दिसतो, पण आवाजाच्या पातळीत तो जेमतेम अर्ध्या डेसिबलचा आहे आणि चित्रपट पाहताना तो कुणाच्याही लक्षात येणार नाही. शिवाय हे आकडे ८ ओहमच्या स्पीकरवर, दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात. या रिसीव्हरांचे नऊही चॅनेल एकाच वेळी जोरात वाजू लागले की एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येणारी शक्ती वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला बरीच कमी येते. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात, हे गणित ध्यानात ठेवले की ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो, त्याचे माप) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेणे किती फायद्याचे असते ते उमगते, कारण तेवढ्याच आवाजासाठी त्याला निम्मीच शक्ती पुरते. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरवर ताण जास्त येतो, म्हणून त्याला प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) आहेत ना, एवढे अवश्य पाहावे, म्हणजे पुढे समोरच्या स्पीकरसाठी वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडता येतो.

खोलीकडे दुर्लक्ष करणे

आपल्याकडे खाली शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब आणि चारही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंती, अशी खोली सर्रास आढळते. अशा खोलीत संवाद घुमतात, आणि मग रिसीव्हर बदलण्याची इच्छा होते. त्याऐवजी समोर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना वजनदार पडदे आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, एवढे आधी करून पाहावे. जुन्या वाड्यातील माळवदाच्या खोलीत छताकडे आवाज फेकणारे अॅटमॉस (वरून आवाज येत असल्याचा भास देणारे) स्पीकर घेणे मला पटत नाही. त्यांना सपाट आणि कठीण छत लागते, तर माळवदाखाली तुळया आणि किलचण यांमुळे आवाज विखुरतो. तिथे वर टांगलेले छोटे स्पीकरच योग्य.

मायक्रोफोनने मोजमाप घेऊन खोलीनुसार आवाज जुळवणारी प्रणाली ही महागड्या रिसीव्हरमधील सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि तुलना करायची तर तिचीच करावी. डेनॉन-मरँट्झच्या वरच्या मॉडेलांत ऑडिसी एक्सटी३२ ही प्रणाली मिळते आणि डिरॅक लाइव्ह या दुसऱ्या प्रणालीसाठी परवान्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. अँथमकडे स्वतःची एआरसी जेनेसिस आहे, तर यामाहाकडे वायपीएओ. मात्र यांपैकी कोणतीही प्रणाली चालवताना पंखा, कूलर आणि फ्रीज बंद असायला हवेत. उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून मोजमाप केले तर त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते आणि मोजमाप बिघडते किंवा अर्ध्यावरच थांबते. रात्री गल्ली शांत झाल्यावर, ऑडिसीने दिलेल्या आठही जागांवर मायक्रोफोन स्टँडवर लावून मोजमाप घ्यावे, आणि नंतर सर्व स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून (म्हणजे त्याखालचा जड आवाज सबवूफरकडे जातो) ऐकून पाहावे.

उष्णता आणि वीज गृहीत धरणे

अनेक रिसीव्हरच्या पुस्तिकेत सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे म्हटलेले असते, आणि परभणी-नांदेडचा मे महिना चाळिशी ओलांडतो. अशा वेळी काचेचे दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर कोंडणे, किंवा त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणे, ही मला सर्वांत घातक चूक वाटते. वर किमान वीतभर जागा मोकळी असावी, मागून हवा बाहेर पडावी आणि झरोक्यांवरील धूळ नियमित झटकली जावी. कूलरचा ओला झोत मात्र थेट त्याच्यावर येऊ देऊ नये.

परदेशातील नातेवाइकाकडून स्वस्तात आणवलेला अमेरिकी रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपला पुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे त्याला कायम स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि येथे त्याची हमी सहसा चालत नाही. गावठाण आणि शेतीपंप एकाच फीडरवर असतील तर रब्बीत विजेचा दाब बराच उतरतो, तेव्हा चांगल्या क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावाच. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ प्लग काढून भागत नाही. गच्चीवरील डिशची तारही काढावी, कारण झटका तिच्यातून सेट-टॉप बॉक्समार्गे रिसीव्हरच्या एचडीएमआय (चित्र-आवाज एकत्र नेणाऱ्या जोडणीच्या) बोर्डापर्यंत पोचू शकतो.

बिघाड नसताना बिघाड समजणे

आवाज वाढवताच रिसीव्हर बंद पडून लाल दिवा लुकलुकत असेल, तर आधी मागच्या टर्मिनलवर स्पीकरच्या तारेची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटली आहे का, ते पाहावे. मग हवा आणि व्होल्टेज तपासावे. पडदा मधूनच काळा होत असेल तर आखूड, प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल लावून पाहावी. २०२० मध्ये आलेल्या काही एचडीएमआय २.१ रिसीव्हरमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्सचे ४के १२० हर्ट्झचे चित्र चिपमधील दोषामुळे दिसत नसे, त्यामुळे त्या काळातील जुना नग घेताना विक्रेत्यासमोर जोडून खात्री करावी. टीव्हीच्या अॅपमधील आवाज रिसीव्हरवर आणायचा असल्यास दोन्हीकडे ईएआरसीच्याच (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून उलट रिसीव्हरकडे आणणाऱ्या सोयीच्या) पोर्टमध्ये केबल जोडावी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते सुरू करावे.

खरेदीपूर्वी आपल्या जिल्ह्यासाठी दुरुस्ती कुठे होते, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. ती पुण्याला किंवा हैदराबादला होत असेल तर बारा-पंधरा किलोचे हे यंत्र पाठवण्यासाठी मूळ खोका आणि आतले थर्माकोल लागणारच. ते माळ्यावर जपून ठेवावे आणि पक्क्या बिलाची प्रत त्यातच टाकावी.