थंड हवेतली परदेशी शोभेची झुडपं: या चुका टाळा

‘दोन हिवाळे झाले, पण झाड काही इथल्या हवेला सरावलं नाही,’ असं लिहून लोक वाळलेल्या फांदीचा फोटो पाठवतात. फोटो नीट पाहिला की बहुतेक वेळा दिसतं ते असं: झाड आपली तयारी व्यवस्थित करत होतं, मालकाने ती मधेच मोडली. तेच ते प्रकार वर्षानुवर्षं बघून जीव तुटतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे. महिने उत्तर गोलार्धाचे धरले आहेत, दक्षिणेत सहा महिने पुढे मोजा.

आधी मुळातला गैरसमज दूर करू. एखादं झुडूप दर हिवाळ्यागणिक जास्त काटक होत जात नाही. मुळं खोल गेली, खोड जून झालं की पहिल्या वर्षापेक्षा त्याला जास्त सोसतं, इतकंच. किती थंडी सोसायची याची कमाल मर्यादा त्याच्या वाणातच ठरलेली असते, आणि त्या मर्यादेपर्यंत पोचायची तयारी ते दर शरदात नव्याने करतं. दिवस लहान होऊ लागले की पानांमधलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ते ओळखतं. शेंड्याची वाढ थांबते, कळ्या मिटतात. मग शून्याच्या जरा वर राहणाऱ्या गार रात्री येतात, पेशींमध्ये साखर साठते, पेशींच्या पडद्यांची घडण बदलते. शेवटी पाणी गोठवणारी थंडी पडली की तयारी पुरी होते. लाल फांद्यांच्या डॉगवुडची उन्हाळ्यातली हिरवी फांदी उणे 3 अंशांच्या आसपास मरते. त्याच झुडपाची भर हिवाळ्यातली फांदी टप्प्याटप्प्याने गार करत नेली, तर द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांतही जिवंत राहते. प्रयोगशाळेत हे सिद्ध झालेलं आहे. झुडूप तेच, फरक फक्त तयारीचा.

उशिरा दिलेलं खत

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती प्रेमापोटी होते. ऑगस्ट संपत आला, झुडूप जरा सुस्त दिसतंय, हिवाळ्याआधी थोडी ताकद द्यावी म्हणून नत्राचा हात मारला जातो. झुडूप वाढ थांबवण्याच्या बेतात असतं, नेमकी तेव्हाच त्याला लुसलुशीत फूट येते. ऑक्टोबरमधल्या पहिल्या गोठवणाऱ्या रात्री ती फूट काळी पडते. शेंडे काळे पडणं ही त्यातल्या त्यात किरकोळ हानी, ते छाटून टाकता येतात. खरा घाव बुंध्याशी बसतो. फांद्या वरून खाली या क्रमाने पक्व होतात, बुंधा सगळ्यात शेवटी. तिथे तयारी अर्धवट असताना कडाका आला तर साल उभी फाटते. अझेलियांमध्ये हे फार दिसतं. वसंतात झाड फुलतंही, आणि मग उन्हाळ्याची पहिली झळ लागताच एक अख्खी फांदी मान टाकते. लोक बुरशीनाशक फवारतात, पाणी वाढवतात. जमिनीलगतची माती बाजूला करून बुंध्यावर अंगठा फिरवा. साल उकललेली, खालच्या लाकडापासून सुटलेली लागेल. घाव गेल्या शरदातला असतो.

माझा रिवाज साधा आहे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस उलटला की नत्र बंद. ऑगस्टनंतर छाटणीही नाही, कारण कापलं की नवे कोंब फुटतात. शरदाच्या सुरुवातीला पानगळीच्या झुडपांचं पाणी मी हात राखूनच देतो. ‘हिवाळ्यापूर्वीचा बूस्टर’ म्हणून नत्र भरलेली पाकिटं विकली जातात, ती घेऊ नका. पाकिटावर नत्राचा आकडा छापलेला असतो, तो वाचायला वेळ लागत नाही.

दिव्याचाही असाच परिणाम होतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली लावलेल्या झुडपाला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही. दिव्याकडच्या बाजूला पानं शेवटपर्यंत हिरवी राहिलेली दिसली तर दिव्याला आडोसा करा किंवा झुडूप हलवा.

मे महिन्यातली घाई

मागे एका संस्थेच्या आवाराच्या कडेला हिबिस्कस सिरिअॅकसची रांग होती. हे आपल्या जास्वंदीचं पूर्व आशियातलं भावंड, दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल, थंडीला चांगलंच काटक. समोर फोर्सिथिया फुलून गेला होता, लायलॅक पानांनी भरला होता, आणि ही रांग म्हणजे करड्या काड्या. व्यवस्था पाहणाऱ्यांनी ठरवून टाकलं की हिवाळ्याने घात केला. अजून वाट कशाची बघायची, असं त्यांचं म्हणणं. मी पोचलो तेव्हा झुडपं उपटून ढीग रचलेला होता. ढिगातल्या एका फांदीवर नखाने साल खरवडली. खाली ओला, पोपटी हिरवा थर. दुसरी खरवडली, तेच. बुंध्याची माती झटकली तर पांढरी मुळी नुकती सुटलेली, टोकं ताजी. पण ढीग उन्हात पडला होता, मुळांचे केस वाळून गेले होते. पुन्हा लावून बघितली, एकही जगलं नाही. शेडच्या मागे एक झुडूप कुणाच्या लक्षात न आल्याने राहून गेलं होतं. जून लागता लागता ते पानावर आलं आणि ऑगस्टमध्ये कळ्यांनी लगडलं. रिकाम्या रांगेत लावायला नवी रोपं आणली, तीही याच जातीची. पुढच्या वसंतात पुन्हा तोच प्रश्न मला विचारला गेला: ही मेली का?

हिबिस्कस सिरिअॅकस, बडलिया, कॅरिऑप्टेरिस, व्हायटेक्स ही सगळी उशिरा जागी होणारी मंडळी. माती नीट ऊबदार झाल्याशिवाय ती हलत नाहीत, आणि वसंतातल्या अवेळी गोठवणाऱ्या थंडीपासून हीच सवय त्यांना वाचवते. म्हणून आधी नखाने खरवडा. शेंड्याला तपकिरी निघालं तर खाली खाली येत जा. बुंध्यापर्यंत सगळं तपकिरी असलं तरी जूनअखेरपर्यंत कुदळ उचलू नका. बडलियाच्या फांद्या कडक हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतात, आणि बुडातून आलेल्या नव्या फुटव्यावर त्याच उन्हाळ्यात तुरे येतात. ज्याला दोन महिने थांबवत नाही त्याने हंगामी फुलझाडं लावावीत. झुडपांचं काम संथ असतं.

नुसत्या आकड्यावर खरेदी

रोपाच्या चिठ्ठीवर ‘झोन 5’ वगैरे लिहिलेलं असतं. तो आकडा अमेरिकी कृषी विभागाच्या नकाशावरून घेतलेला असतो. दर वर्षीच्या नीचांकी तापमानांची सरासरी तिथे धरतात, आणि एक पट्टा म्हणजे 10 अंश फॅरनहाइट, सुमारे 5.6 अंश सेल्सिअस. 2023 ची आवृत्ती 1991 ते 2020 या काळातल्या नोंदींवर आहे. आकडा खोटा नाही, पण फार थोडं सांगतो. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि फ्लोरिडाचा बराच भाग एकाच 9 क्रमांकात बसतो. क्रेप मर्टल, म्हणजे तामणाचं चिनी भावंड, दोन्हीकडे जगतं. पण इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात त्याचं लाकूड धड पक्व होत नाही आणि फुलं कशीबशी येतात.

झुडूप जगलं तरी त्याच्या फुलांच्या कळ्या जगतीलच असं नाही, हेही आकडा सांगत नाही. फोर्सिथियाचं बघा. नेहमीच्या संकरित वाणांमध्ये फुलांच्या कळ्या पानांच्या कळ्यांच्या आधी मरतात. कडक हिवाळ्यानंतर बर्फात दबलेल्या खालच्या फांद्या पिवळ्याधमक होतात आणि बर्फाच्या रेषेच्या वर एकही फूल नसतं. तिथे खत देऊन काय होणार? ‘मेडोलार्क’ किंवा ‘नॉर्दर्न गोल्ड’ लावा. कोरियातल्या ओव्हाटा जातीचं रक्त त्यांच्यात आहे, कळ्या टिकतात.

आणि अति थंड मुलखातून आणलं म्हणजे सगळीकडे चालेल, हेही खरं नाही. सायबेरियाकडचं ऱ्होडोडेंड्रॉन डाऊरिकम भयानक थंडी सोसतं. पण त्याच्या मुळच्या ठिकाणी हिवाळा एकदा बसला की वसंतापर्यंत हलत नाही. समुद्रालगतच्या लहरी हिवाळ्यात चार ऊबदार दिवस आले की ते जागं होऊन फुलतं आणि पुढच्या गोठवणाऱ्या थंडीत फुलं करपतात. त्यामुळे मी रोपवाटिकेत नेहमी विचारतो की बियाणं किंवा कलम कुठल्या भागातलं आहे. एकाच जातीची उत्तरेकडची झाडं शरदात वाढ लवकर थांबवतात, दक्षिणेकडची उशिरा. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर मी दुसरीकडे जातो.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची वसंतात सफाईदार छाटणी. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या फांद्यांवर बसतात, छाटल्या की फुलं गेली. ती हौस पॅनिक्युलाटा किंवा ‘ॲनाबेल’ या हायड्रेंजियांवर भागवा, ती नव्या फुटव्यावर फुलतात.

प्लास्टिकमध्ये गुंडाळणं. उन्हात आत भट्टी होते, रात्री गोठतं. गोणपाट वापरा.

कुंडीतलं झुडूप उघड्यावर. फांद्या उणे 20 सोसत असल्या तरी कोवळी मुळी बऱ्याच जातींत उणे 5 ते उणे 10 मध्येच मरते. कुंडी जमिनीत पुरा किंवा न गोठणाऱ्या खोलीत ठेवा.

कॅमेलिया पूर्वेच्या भिंतीला. गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन थेट पडलं की त्या तपकिरी होतात.

कडाक्यात ऱ्होडोडेंड्रॉनची पानं विड्यांसारखी गुंडाळून लोंबायला लागली की घाबरून पाणी ओतणं. गोठलेल्या मातीतून पाणी चढत नाही, आणि पान गुंडाळणं ही झाडाचीच संरक्षणाची रीत आहे, हवा ऊबदार झाली की उलगडतात. सदाहरित झुडपांना पाणी माती गोठण्याआधी भरपूर द्यायचं असतं.

‘माझं झुडूप रंग बदलतंय’

लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन काही वर्षांत जांभळं झालं, अशी तक्रार येते. झुडूप रंग बदलत नाही. पूर्वी कलमं पाँटिकम जातीच्या खुंटावर बांधत. हिवाळ्यात वरचं कलम मेलं किंवा दुबळं झालं आणि खालचा खुंट फुटला, की जांभळी फुलं त्याचीच.

परकं झुडूप एखाद्या देशात खरोखर रुजतं म्हणजे काय, हे या पाँटिकममध्येच दिसतं. ब्रिटनमध्ये ते 1763 मध्ये आणलं गेलं. आनुवंशिक तपासणीत तिथली बहुतेक झाडं स्पेन-पोर्तुगालच्या मुळाची निघाली, आणि पूर्व स्कॉटलंडसारख्या थंड भागातल्या झाडांमध्ये उत्तर अमेरिकेतल्या काटक कॅटॉबिएन्स जातीचा अंश जास्त सापडला. म्हणजे संकर झाला, बिया पडल्या, थंडीने निवड केली, आणि पिढ्या गेल्यावर झुडूप तिथलं झालं. इतकं झालं, की आता ते जंगलांखाली दाट माजतं आणि काढता काढता माणसं थकतात.

म्हणून कलमाच्या सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसल्या दिवशी काढा. वरून कापू नका, माती उकरून मुळाशी धरून खेचून काढा, नाहीतर एकाचे तीन होतात. बडलियाचे सुकलेले तुरे बी उडायच्या आत कापून टाका. आणि नवं परदेशी झुडूप आणण्याआधी आपल्या भागातल्या उपद्रवी वनस्पतींच्या अधिकृत यादीत त्याचं नाव आहे का, ते बघून घ्या.