पित्ताची पिशवी काढली, तरी कळ येते: तेव्हा काय करायचं

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन महिने उलटतात, तरी उजव्या बरगडीखाली कळ येतेच. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'सगळं मनाचं आहे.' ते मनावर घेऊ नका. पुष्कळदा तपासणीचा दिवस चुकलेला असतो. कळ येते मंगळवारी रात्री आणि रक्त दिलं जातं शनिवारी सकाळी. पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, क्षणिक अडथळा आला तर रक्तातली एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स काही तासांत चढतात आणि थोड्या दिवसांत उतरतातही. शनिवारच्या रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस राहत नाही.

म्हणून डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी लिहून घ्या: 'कळ आल्यास एलएफटी आणि लायपेज', म्हणजे यकृताची आणि स्वादुपिंडाची रक्ततपासणी. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, रात्री रक्त घेणारी लॅब कुठली ते विचारून ठेवा. त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी रक्त द्या. पोट शांत झाल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा द्या. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले की डॉक्टरांना फरक दिसतो.

काही लक्षणांत मात्र चिठ्ठी, लॅब काही नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, पाठीत आरपार जाणारं दुखणं आणि न थांबणाऱ्या उलट्या, काळी शौच. चाळिशीपुढच्या, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला तर पहिल्यांदा ईसीजी. हृदयाचं दुखणं 'गॅस' समजून घरी काढलं जातं, ते असंच.

एक वही करा. प्रत्येक कळेला एक ओळ पुरे: 'मंगळवार, रात्री ११.२०. बरगडीखाली, मागे उजव्या फऱ्यापर्यंत. ५० मिनिटं. ९ वाजता साबुदाणा खिचडी. उलटी एकदा. शौचाला जाऊन फरक नाही, कुशीवर वळून फरक नाही.' अशा पाच-सहा ओळी एखाद्या महागड्या स्कॅनइतकं सांगून जातात. पित्तनलिकेची कळ चढत जाऊन एका पातळीवर टिकते, अर्धा तास किंवा जास्त. ती रोज येत नाही, झोपेतून उठवते आणि शौच, कूस बदलणं किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी यांना दाद देत नाही. शौच झाल्यावर मोकळं वाटत असेल तर आतड्याचा विचार करावा. रोजची जळजळ आणि आंबट पाणी असेल तर जठर-अन्ननलिकेचा.

इथे आपला एक शब्द घोटाळा करतो. 'मला पित्त होतं' हे डॉक्टरांना सांगू नका. आपण अ‍ॅसिडिटीलाही पित्तच म्हणतो, आणि यकृतातून येणारं, तेल-तूप पचवणारं पित्त वेगळं. नेमकं काय होतं ते सांगा: 'जळजळतं', 'पिळवटतं', 'टोचतं'.

टोचत असेल आणि जागा एका बोटाने दाखवता येत असेल, तर ही तपासणी करून पाहा. पाठीवर झोपा, दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि हात न टेकता डोकं-खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे, आतलं नाही. ऑपरेशनच्या दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्राजवळ एखादी नस अडकली की असं होतं. त्याच जागी भूल देणारं इंजेक्शन घेतल्यावर पुष्कळांना आराम पडतो. तपासायला दोन मिनिटं लागतात, तरी ही शक्यता वर्षानुवर्षं राहून जाते.

डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट आणि बायोप्सी रिपोर्टही न्या. चिकटलेल्या पित्ताशयाचा काही भाग कधी आतच ठेवावा लागतो, आणि त्या उरलेल्या भागात पुन्हा खडे होऊ शकतात. ते ऑपरेशन नोटमध्येच कळतं. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: आताचं दुखणं ऑपरेशनच्या आधीचंच आहे का? अगदी तसंच असेल तर मूळ त्रास कदाचित खड्यांचा नव्हताच. सोनोग्राफीत नलिका किंचित रुंद दिसली म्हणून घाबरू नका, पिशवी गेल्यावर ती थोडी रुंदावते. नलिकेतले बारीक खडे मात्र साध्या सोनोग्राफीतून, कधी एमआरसीपीतूनही (नलिकांचा एमआरआय) निसटतात. संशय पक्का असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीबद्दल (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) विचारा.

खाण्यात तेल बंद करायची गरज नाही, एका वेळचं तेल कमी करायचं. पिशवी पित्त साठवून जेवणाच्या वेळी सोडत असे, आता ते दिवसभर थोडंथोडं झिरपतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १५ ग्रॅम चरबी असते. त्यावर दोन चमचे तूप घातलं की उपवासाची एक बशी खिचडी २५ ग्रॅमच्या घरात जाते, आणि तीही दिवसभर रिकाम्या पोटावर. एकादशी करायचीच असेल तर दोन-तीन तासांनी फळ, ताक, राजगिऱ्याची लाही असं थोडं घेत राहा. एरवी दर जेवणात माणशी चमचाभर तेल, दिवसाचं जेवण चार-पाच भागांत, रात्रीचं झोपण्याआधी तीन तास.

जेवल्याबरोबर पातळ शौचाला धावावं लागत असेल तर कोलेस्टिरामिनबद्दल विचारा. ही पावडर मोठ्या आतड्यात जाणारं पित्त बांधून ठेवते, पण इतर गोळ्याही बांधते. थायरॉइडची गोळी तिच्याआधी किमान चार तास किंवा नंतर चार ते सहा तासांनीच घ्या. कोडीन, ट्रॅमाडोल यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी नलिकेच्या तोंडाची झडप आणखी आवळू शकते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ती झडप कापण्यासाठी कुणी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेवर केलेली प्रक्रिया) सुचवली तर शांतपणे विचारा, 'कोणता रिपोर्ट पाहून?' अमेरिकेत अशाच, तपासणीत दोष न सापडलेल्या २१४ रुग्णांवरची चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. झडप कापल्याचा त्यात खोट्या, म्हणजे झडप न कापता केलेल्या, प्रक्रियेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. उलट ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतोच. नलिकेत खडा दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ईआरसीपी हाच नेहमीचा उपचार.

सगळं तपासून काहीच हाती लागलं नाही, तर नसांची संवेदनशीलता कमी करणारं औषध, बहुधा रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, दिलं जातं. ते मानसिक आजारावर वापरतात म्हणून बिचकू नका, इथे मात्रा आणि हेतू दोन्ही वेगळे. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. तोंड कोरडं पडणं आणि सकाळची झापड पहिल्या आठवड्यात जाणवते, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी बंद केलं तर औषध लागू पडतं की नाही ते कळतच नाही. तोवर वहीतल्या ओळी चालू ठेवा. महिन्याला सहा कळा होत्या त्या दोन झाल्या का, ते तिथेच दिसेल.