खोडून काढायचं, तर आधी नीट ऐका

वादविवाद स्पर्धेत पाठ केलेलं भाषण सगळ्यांचंच बरं होतं. निकाल बहुतेकदा खंडनात लागतो. त्यासाठी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे समोरच्याचा मुद्दा तीन-चार शब्दांत, उजवीकडे तुमचं उत्तर. पूर्ण वाक्यं लिहीत बसलात तर पुढचा मुद्दा हुकलाच म्हणून समजा.

समजा विषय आहे, ‘कोस्टल रोडने मुंबईची कोंडी सुटेल’. प्रतिस्पर्धी म्हणतो, मरीन ड्राइव्ह ते वरळी वेळ वाचतो. डावीकडे: ‘वेळ वाचला’. उजवीकडे: ‘कोणाचा?’ उभं राहिल्यावर त्याचा मुद्दा प्रामाणिकपणे सांगा आणि मग घाव घाला: “वेळ वाचला, मान्य. पण २०२४ मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि विरार-कल्याणहून लोकलला लटकून येणाऱ्याचा एक मिनिटही त्यात वाचत नाही.” ‘माझे मित्र साफ चुकीचं बोलले’ असं ओरडण्यापेक्षा हे ‘मान्य, पण’ परीक्षकांना जास्त पटतं.

सगळे मुद्दे खोडायच्या फंदात पडू नका. दोन भक्कम निवडा, बाकी सोडा. सराव घरीच होतो: टीव्हीवरची चर्चा लावा (आरडाओरडा सहन होत असेल तर) आणि रेघ मारून बसा.