शुद्धीवर नसलेल्या पेशंटला बसवायचं कसं

मी जळगावात फिजिओथेरपी करते. वॉर्डात नातेवाईक हमखास म्हणतात, "मॅडम, आधी शुद्धीवर येऊ द्या, मग बसवा." डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर शुद्धीची वाट पाहू नका. सपाट पडून छातीत कफ साचतो, घोटे आखडतात, माकडहाडावरची कातडी काळी पडते. शिवाय अंग उभं झालं की मेंदूला जाग यायला मदत होते. आडवं असताना मिटलेले डोळे बसवल्यावर उघडलेले मी कितीदा पाहिलेत. पण मेंदूतला दाब वाढलेला असेल किंवा मणक्याला मार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवूच नका.

सुरुवात खाटेपासून. डोक्याकडची बाजू आधी 30 अंश, मग 45, मग 60. दर टप्प्यावर थोडं थांबून बीपी बघायचं. वरचा आकडा 20 ने उतरला, ऑक्सिजन 90 च्या खाली गेला, चेहरा पांढराफटक पडला, तर लगेच आडवं करा. मे महिन्यात आपल्याकडे घाम तर सगळ्यांनाच येतो, म्हणून कपाळाला हात लावून पाहा: गार, चिकट घाम असेल तर तो उन्हाळ्याचा नव्हे. नळीने दूध-पेज दिल्यावर अर्धा-पाऊण तास तरी हे करू नये, पण डोकं उंचच ठेवावं.

खाटेच्या कडेला पहिल्यांदा बसवताना दोघं हवेत, त्यातला एक फिजिओ किंवा सिस्टर. कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, खांद्याच्या पात्याखाली हात घालून उठवा. दंड धरून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा तेवढ्यानेही निखळतो, आणि ते दुखणं पुढे महिनोन्‌महिने राहतं. एकाने मागून पाठीला आधार द्यायचा, दुसऱ्याने समोरून मान सावरायची. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. खाट उंच असेल तर खाली स्टूल ठेवा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या.

आता बोला, एकानेच आणि घरच्या बोलीत. "आप्पा, डोया उघाडा ना," असं मुलीने अहिराणीत म्हटलं की माझ्या प्रमाण मराठीपेक्षा ते आत पोचतं, असं मला मनापासून वाटतं. ओल्या फडक्याने तोंड पुसा, आणि पुसण्याआधी तसं सांगा. उत्तराला वेळ द्या.

परत झोपवल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवा. डोळे कधी उघडले, कुणाच्या आवाजाला, किती वेळ, ते वहीत लिहून राउंडला डॉक्टरांना दाखवा.