कर्बचा रंग टिकावा म्हणून: पूर्वतयारी, रंगकाम आणि खात्रीचा रंगारी

रस्त्याच्या कडेच्या कर्बवरील, म्हणजे रस्त्यालगतच्या उंच काँक्रीटी किंवा दगडी कडेवरील, रंगाला घराच्या भिंतीवरील रंगापेक्षा कितीतरी अधिक सोसावे लागते. खालून जमिनीतली ओल वर चढत असते, बाजूने पावसाचे आणि गटाराचे पाणी वाहत असते, वरून ऊन तापत असते आणि वाहन लावताना टायर त्याच्या अंगाला घासत असतात. त्यामुळे भिंतीसाठी वापरतो तोच रंग, तशाच घाईने, धूळ झटकून मारला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटू लागतात. या कामातली अडचण अशी की रंगाचे आयुष्य ज्या गोष्टींवर ठरते त्या जवळजवळ सगळ्या रंगाखाली झाकल्या जातात. काम पूर्ण झाल्याच्या दिवशी चांगला आणि वाईट कर्ब सारखाच चकचकीत दिसतो. म्हणून स्वतः रंगवायचे असो वा दुसऱ्याकडून रंगवून घ्यायचे असो, झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी तपासणे हाच यातला कळीचा भाग आहे.

आधी अधिकार, मग ब्रश

घरासमोरचा कर्ब आपल्या दारात असला तरी तो बहुधा आपल्या मालकीचा नसतो. सार्वजनिक रस्त्यालगतचा कर्ब रस्त्याची देखभाल करणाऱ्या स्थानिक संस्थेचा असतो. खासगी वसाहतीच्या, संस्थेच्या किंवा कारखान्याच्या आवारातील अंतर्गत रस्त्यांची गोष्ट वेगळी, पण तेथेही व्यवस्थापनाची लेखी संमती घ्यावी. कर्बच्या रंगाला अनेक ठिकाणी कायदेशीर अर्थ असतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानुसार लाल कर्ब म्हणजे थांबण्यास मनाई, निळा म्हणजे अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी राखीव जागा, हिरवा म्हणजे मर्यादित वेळेची पार्किंग. ब्रिटनमध्ये कर्बवर काढलेल्या आडव्या पिवळ्या खुणा माल चढवण्या-उतरवण्यावरील निर्बंध दाखवतात. आपल्या दारासमोर कोणी गाडी लावू नये म्हणून स्वतःच्या मनाने कर्ब लाल किंवा पिवळा करणे हा अनेक ठिकाणी गुन्हा ठरू शकतो आणि अशा रंगाला अंमलबजावणीचे बळही मिळत नाही. काळे-पांढरे किंवा काळे-पिवळे पट्टे मुख्यतः कड दिसावी यासाठी असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९३९ साली दिवाबंदी लागू झाल्यावर अंधारात रस्त्याची कड कळावी म्हणून कर्ब पांढरे रंगवले गेले होते. पट्ट्यांचे रंग आणि मापे यांबाबतही आपल्या भागातला नियम आधी पाहून घ्यावा.

कर्ब नैसर्गिक दगडाचा, उदाहरणार्थ ग्रॅनाइटचा असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की तो रंगवू नये. गुळगुळीत दगडावर रंग नीट धरत नाही, आणि एकदा रंगवलेला दगड पुन्हा मूळ रूपात आणणे फार खर्चिक पडते.

पृष्ठभागाची तयारी

काँक्रीटचा नवा कर्ब लगेच रंगवता येत नाही. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात पाणीही भरपूर असते. म्हणून साधारण २८ दिवस थांबण्याचा संकेत आहे. ऑइल पेंट किंवा सिंथेटिक इनॅमल थेट काँक्रीटवर का टिकत नाही, याचे उत्तरही या अल्कातच आहे. ओलाव्याच्या सोबतीने काँक्रीटमधला अल्क रंगातल्या तेलावर क्रिया करतो आणि अक्षरशः साबण तयार होतो. रंग खालून मऊ, चिकट होतो आणि थराथराने सुटतो. रंगारी स्वस्त आणि चमकदार म्हणून ऑइल पेंट सुचवत असेल तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

जुन्या कर्बवर सर्वांत कष्टाचे काम म्हणजे सुटलेला रंग काढणे. तारेचा ब्रश आणि खरवडणी यांनी लहान लांबीचे काम होते. मोठ्या लांबीसाठी जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा किंवा ग्राइंडर लागतो. सगळा जुना रंग काढलाच पाहिजे असे नाही. घट्ट बसलेला थर तसाच ठेवून त्याच्या कडा घासून उताराच्या कराव्यात. घट्ट कोणता आणि सैल कोणता हे ठरवण्याची सोपी युक्ती आहे: धारदार पात्याने थरावर फुलीसारखी चीर पाडावी, त्यावर चांगली चिकटपट्टी अंगठ्याने घट्ट दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीसोबत रंगाचे तुकडे निघाले तर तो थर जायलाच हवा, कारण नवा रंग कितीही उत्तम असला तरी तो जुन्या सैल थरासकट निघून येईल.

घासताना उडणाऱ्या धुळीकडे दुर्लक्ष करू नये. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि जुन्या पिवळ्या रंगांत शिसेयुक्त रंगद्रव्य असण्याची शक्यता असते. शक्यतो पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, चेहऱ्यावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कण अडवणारा मास्क वापरावा (तोंडाला बांधलेला रुमाल येथे उपयोगाचा नाही) आणि खरवडलेले तुकडे गोळा करून पिशवीत भरावेत. ते पावसाळी गटारात ढकलणे सोपे वाटते, पण तेथील पाणी पुष्कळदा कोणतीही प्रक्रिया न होता थेट नाल्यात किंवा नदीत जाते. ब्रश धुतलेल्या पाण्यालाही हाच नियम लावावा.

यानंतर कर्ब डिटर्जंटने घासून धुवावा. तो वाळल्यावर हातभर अंतरावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहावेत. पाणी शोषले जाऊन काँक्रीट गडद झाले तर पृष्ठभाग तयार आहे. थेंब मोत्यांसारखे वर उभे राहिले तर तेल, टायरचे रबर किंवा साच्याला लावलेले तेल अजून शिल्लक आहे आणि तेवढा भाग पुन्हा धुवावा लागेल. पांढरा खार फुटलेला दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा, पण तो पुन्हा पुन्हा येत असेल तर आतून पाणी येत आहे असे समजावे आणि आधी त्या पाण्याचा बंदोबस्त करावा. ओल तपासण्यासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवतात. कर्बवर तेवढी जागा नसेल तर जेवढा बसेल तेवढा तुकडा लावावा. आतल्या बाजूला दव जमले किंवा खालचे काँक्रीट गडद झाले तर आणखी काही दिवस थांबावे.

तडे आणि तुटलेले कोपरे दुरुस्तीच्या मॉर्टरने भरून घ्यावेत. मात्र दोन कर्बांमधले प्रसरणाचे सांधे भरू नयेत. उन्हाने काँक्रीट फुगते तेव्हा त्याला ती जागा लागते. सर्वत्र आम्लाने धुण्याचा सल्ला काही जण देतात, पण नीट न धुतलेले आम्ल रंगाला आणि काँक्रीटला दोघांनाही बाधते, म्हणून घासून खरखरीत केलेला पृष्ठभाग मला अधिक भरवशाचा वाटतो.

रंग आणि त्याचे हात

कर्बसाठी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रोड मार्किंग पेंट हा बहुतेक वेळा योग्य पर्याय ठरतो: अल्क सोसतो, लवकर वाळतो, वास कमी असतो. रस्त्यावर वितळवून ओततात तो थर्मोप्लास्टिक रंग सपाट डांबरी पृष्ठभागासाठी असतो. कर्बच्या उभ्या अंगासाठी तो सोयीचा नाही. उघड्या काँक्रीटवर अल्क सोसणारा प्रायमर आधी लावावा, आणि तो शक्यतो रंगाच्याच कंपनीने सुचवलेला असावा.

हवामान सांभाळावे. तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव जमू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी अधिक असले पाहिजे. पहाटे दव पडलेला कर्ब हाताला कोरडा वाटला तरी ऊन चढेपर्यंत थांबणे बरे. उलट भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर रंग आत मुरण्याआधीच वरून सुकतो आणि बुडबुडे येतात.

रंग किती लागेल याचा हिशेब आधी करून ठेवावा, कारण पुढे रंगाऱ्याशी बोलताना हाच हिशेब कामी येतो. कर्बचे उभे अंग १५ सेंटिमीटर आणि माथा १५ सेंटिमीटर धरला तर १०० मीटर लांबीचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर होते. एका हाताला ओला थर १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवायचा तर साडेचार लिटर रंग लागतो. खरखरीत पृष्ठभाग आणि सांडलवंड यांसाठी सुमारे २० टक्के वाढवले की साधारण साडेपाच लिटर, म्हणजे दोन हातांना अकरा लिटर होतात. रंगात ४० टक्के घन भाग असेल तर १५० मायक्रॉनच्या ओल्या थराचा वाळल्यावर ६० मायक्रॉन उरतो. डब्यावर दिलेल्या प्रमाणाबाहेर पाणी घातले की नेमका हाच आकडा खाली येतो.

पट्टे काढताना आधी संपूर्ण लांबीवर फिका रंग मारावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग गडद रंगाचे भाग आखावेत. सूत मारून रेघ घ्यावी, मास्किंग टेप लावावी आणि टेपच्या कडेवरून खालच्याच फिक्या रंगाचा पातळ हात फिरवावा. टेपखालच्या बारीक फटी त्याने भरतात आणि काळा रंग आत झिरपत नाही. रंग हाताला चिकटेनासा होण्यापूर्वीच टेप तिरकी ओढून काढावी. घराचा क्रमांक लिहायचा असेल तर पांढऱ्या चौकटीवर काळे, किमान १० सेंटिमीटर उंचीचे साधे अंक स्टेन्सिलने काढावेत. नक्षीदार अंक रात्री रुग्णवाहिकेच्या चालकाला वाचता येत नाहीत. रात्री चमक हवी असेल तर ओल्या रंगावर काचेचे सूक्ष्म मणी टाकतात, पण उभ्या अंगावरून ते घसरतात, त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. कर्बच्या माथ्यावर लोक पाय ठेवतात. तेथे शेवटच्या हातात घसरण रोखणारी बारीक वाळू मिसळावी.

रंगारी पारखताना

दर विचारण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: जुना रंग कसा काढणार? जो रंगारी कर्बजवळ वाकून, नखाने थर खरवडून, कोठे किती घासावे लागेल हे सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. "रंगावर रंग मारू, काही होत नाही" असे उत्तर आले तर दर कितीही कमी असो, तेथेच थांबावे. त्यानंतर त्याने केलेले असे काम पाहायला मागावे ज्यावरून किमान एक पावसाळा गेला आहे. मागच्या आठवड्यातल्या कामाची छायाचित्रे काहीच सिद्ध करत नाहीत.

दारोदार फिरून घराचे क्रमांक रंगवणाऱ्यांबाबत विशेष सावध राहावे. यातले बरेच जण प्रामाणिक कष्टकरी असतात, पण काही जण सरकारी वाटेल असे पत्रक दारात टाकतात, नकार कळवला नाही तर होकार आहे असे गृहीत धरतात, किंवा न विचारताच क्रमांक रंगवून पैसे मागतात. न मागितलेल्या कामाचे पैसे देण्यास आपण बांधील नाही, असे सांगून दार लावून घ्यावे. स्थानिक संस्थेने पाठवले आहे असे कोणी म्हणाले, तर त्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर त्या संस्थेच्या स्वतंत्रपणे शोधलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

कोटेशन तोंडी नको. त्यात रनिंग मीटरमधली लांबी, उभे अंग आणि माथा दोन्ही धरले आहेत की नाही, तयारीची पद्धत, प्रायमर, रंगाचे नेमके नाव, हातांची संख्या, पाऊस आल्यास काय करायचे आणि रस्त्यावर किंवा गाड्यांवर उडालेले रंगाचे शिंतोडे कोण साफ करणार, हे सर्व लिहून घ्यावे. "दोन हात" असे नुसते लिहिले की पातळ केलेले दोन हातही त्यात बसतात. म्हणून लागणारे लिटरही नमूद करावेत. रंगाचे सीलबंद डबे कामाच्या जागी आपल्यासमोर उघडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत ठेवावेत. वरच्या हिशेबानुसार १०० मीटरला अकरा लिटर लागायला हवे आणि चार लिटरचा एकच डबा रिकामा झाला असेल, तर वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. शंका असेल तर ओला थर मोजणारी दातेरी पट्टी मिळते; ती ओल्या रंगात टेकवली की कोणत्या दात्यापर्यंत रंग लागला त्यावरून जाडी कळते.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. साहित्यापुरती उचल देण्यास हरकत नाही, पण दुसरा हप्ता घासणे-धुणे पूर्ण होऊन आपण पाण्याच्या थेंबांची चाचणी पाहिल्यानंतरच द्यावा, आणि ही अट आधीच लिहिलेली असावी. सुरुवातीला तीनेक मीटरचा नमुना करून घेतला तर रंगछटा, कडा आणि टेपची सफाई यांवरचे वाद पुढे होत नाहीत. एकूण रकमेचा सुमारे दहावा भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा. चांगल्या रंगाऱ्याची याला सहसा हरकत नसते, मात्र ती रक्कम ठरल्या दिवशी बिनबोभाट देणे हे आपलेही कर्तव्य आहे.

रस्त्यालगत काम करणाऱ्या माणसांची सुरक्षितता कोटेशनमध्ये बहुधा सुटते. परावर्तक जाकीट, शंकू, येणाऱ्या वाहनांना दुरून दिसेल अशी सूचना आणि अपघात विमा यांची जबाबदारी कोणाची, हे विचारून घ्यावे. वाहतुकीकडे पाठ करून उकिडवे बसलेल्या रंगाऱ्याच्या मागे शंकूही ठेवलेले नसतील तर काम थांबवायला सांगावे.

शेवटची पाहणी दिवसा उजेडी करावी, कर्बच्या पातळीपर्यंत खाली वाकून. सांध्यांच्या आत, जमिनीलगतच्या दोन बोटांत आणि गटाराच्या तोंडाशी रंग पुरेसा आहे का ते पाहावे, कारण पोपडे तेथूनच सुरू होतात. उरलेला रंग घट्ट झाकून, नाव आणि तारीख लिहून सावलीत ठेवावा. टायरने घासलेल्या जागा वर्षातून एकदा धुऊन त्याच रंगाने भरल्या तर संपूर्ण लांबी पुन्हा रंगवण्याची वेळ बरीच लांबते.