लॉगिन करताच हिशेबाची फाईल समोर: लिनक्स मिंटमध्ये प्रोग्राम आपोआप कसे सुरू करावेत

माझ्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. काउंटरवर ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची सिनॅमन डेस्कटॉपवाली आवृत्ती. सकाळी शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत त्यांना दोन गोष्टी उघडलेल्या हव्या असतात: लिबरऑफिस कॅल्कमधली उधारीची फाईल आणि फायरफॉक्स. रोज तेच क्लिक, रोज तीच शोधाशोध. हे काम लॅपटॉपवर सोपवायला दहा मिनिटं पुरतात.

आधी एक फरक लक्षात घ्या. इथे आपण जे लावणार आहोत ते मशीन चालू झाल्यावर नाही, तर तुम्ही पासवर्ड टाकून डेस्कटॉपवर आल्यावर सुरू होतं. कोणी लॉगिन केलेलं नसतानाही जे चालायला हवं, त्यासाठी सिस्टमडीची (लिनक्समधली पडद्यामागची कामं सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस लागते. तो वेगळा विषय आहे.

मेनूमध्ये ‘प्रेफरन्सेस’खाली ‘स्टार्टअप अॅप्लिकेशन्स’ उघडा. आधीच भरलेली यादी दिसेल. खालचं अधिकचं चिन्ह दाबलं की दोन पर्याय येतात. नेहमीचा प्रोग्राम हवा असेल, तर यादीतून निवडा आणि मोकळे व्हा. फायरफॉक्सचं काम इथेच संपलं.

ठरावीक फाईल उघडायची असेल, तर दुसरा पर्याय, म्हणजे ‘कस्टम कमांड’ घ्या. नावाच्या रकान्यात ओळखू येईल असं काहीही लिहा. कमांडच्या रकान्यात इंग्रजी लिपीत, सगळी छोटी अक्षरं वापरून लिबरऑफिस, मग एक जागा सोडून फाईलचा पूर्ण पत्ता. पूर्ण म्हणजे अगदी सुरुवातीच्या तिरक्या रेघेपासून: होम, तुमचं युजरनेम, डॉक्युमेंट्स, फाईलचं नाव. नावात मोकळी जागा असेल, तर सगळा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

इथे मी स्वतः अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, होम फोल्डरसाठी टिल्ड, म्हणजे ती छोटी लाटेसारखी खूण, लिहायची सवय असते. मी कमांड आधी टर्मिनलमध्ये चालवून पाहिली, फाईल झटक्यात उघडली. तीच कमांड रकान्यात चिकटवली, लॉगआउट करून परत आलो, तर लिबरऑफिस म्हणतंय, अशी फाईलच नाही. आणि त्या निरोपातल्या पत्त्यात टिल्ड जशीच्या तशी उभी! टिल्डचा अर्थ लावून तिच्या जागी खरा पत्ता घालण्याचं काम शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, करतं. आपोआप सुरू होणाऱ्या कमांडच्या वाटेत शेल येतच नाही. त्यामुळे कमांड टर्मिनलमध्ये जरूर तपासा, पण पूर्ण पत्ता लिहूनच.

त्याच खिडकीत ‘स्टार्टअप डिले’चा रकाना आहे, सेकंदांचा. जुन्या मशीनवर याच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही. सगळे प्रोग्राम एकदम सुटले की हार्ड डिस्कवर झुंबड उडते आणि पॅनेलसुद्धा (मेनूचं बटण असलेली पट्टी) धड दिसत नाही. मामांच्या लॅपटॉपवर कॅल्कला ५ सेकंद आणि फायरफॉक्सला २५ सेकंद दिले आहेत. उधारी आधी, ब्राउझर नंतर. तुमचे आकडे तुमच्या मशीनवर दोन-तीनदा करून पाहूनच ठरवा. तपासायला रीस्टार्टची गरज नाही, लॉगआउट करून पुन्हा आत आलात तरी चालतं.

मिंटची एक्सएफसीई आवृत्ती असेल, तर हीच सोय ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये आहे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ शोधा.

हे सगळं साठवलं कुठे जातं ते माहीत असू द्या. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबा, लपलेले फोल्डर दिसू लागतील. त्यातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा फोल्डर असतो आणि तुम्ही जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रामची त्यात एक छोटी डॉट-डेस्कटॉप फाईल. साधा मजकूर असतो: एका ओळीत नाव, एका ओळीत ‘एक्झेक’ आणि पुढे कमांड. लिनक्स डेस्कटॉपसाठी सामायिक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या या पद्धतीने सगळे मोठे डेस्कटॉप चालतात, म्हणून नवीन लॅपटॉप घेतलात तर या फाईली तिकडे नेता येतात. फक्त युजरनेम बदललं असेल, तर पत्तेही बदला.

लॅपटॉपच्या सगळ्या युजरसाठीच्या फाईली मात्र सिस्टमच्या ईटीसी फोल्डरमधल्या एक्सडीजी फोल्डरच्या ‘ऑटोस्टार्ट’मध्ये असतात. त्यांना हात लावू नका. नको असलेल्या प्रोग्रामचं बटण यादीत बंद केलं की त्याच नावाची फाईल तुमच्या फोल्डरमध्ये तयार होते, आणि एकाच नावाच्या दोन फाईली असल्या की तुमचीच चालते. मूळ फाईल शाबूत राहते. ज्या प्रोग्रामचं काम कळत नाही, त्याचं बटण मी बंद करत नाही. तुम्हीही करू नका.

एखाद्या चुकीच्या कमांडमुळे लॉगिननंतर डेस्कटॉप गोठलाच, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर युजरनेम-पासवर्ड टाका आणि एमव्ही कमांडने तुमच्या ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डरचं नाव बदला. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. तुम्ही जोडलेलं काहीच सुरू होणार नाही. आत आल्यावर नवा ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डर करा आणि जुन्यातल्या फाईली एकेक करून त्यात परत ठेवत, दर वेळी लॉगआउट करून, दोषी कोण ते शोधा.