गच्ची की उतरतं छप्पर?

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणून पुनर्विकास निघाला की सोसायटीत कोणीतरी उतरतं छप्पर सुचवतंच. दोन मजली घराला ते छानच. पण उंच इमारतीवर पाण्याची टाकी, सोलर पॅनेल ठेवायला गच्चीच लागते. शिवाय वादळात पत्रा उडाला तर खाली रस्ता आहे.

गच्ची गळते ती सपाट म्हणून नाही, उतार नीट न दिल्यामुळे. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, तोही थेट पाईपाच्या तोंडाकडे. कठड्याची भिंत आणि कोबा मिळतात तिथे काटकोन न ठेवता सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्या. पाणी मुरतं ते बऱ्याचदा तिथूनच. काम झालं की पाईपांची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भरा आणि दोन दिवस वरच्या मजल्याची छतं बघा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच.

जुन्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि पालिकेची परवानगी घ्या.